तिसरं कुलूप

१

आमच्या भट्टीच्या खोलीत एक नियम आहे आणि तो मीच लावलेला आहे. भट्टीच्या आत जो कोणी शिरेल, त्याने आधी भिंतीवरच्या मेन स्विचला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. स्विचच्या कडीला सहा भोकं आहेत. जितकी माणसं आत, तितकी कुलपं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत भट्टी पेटत नाही, मग कुणाचा बाप का येईना. बाहेर आलेल्या माणसाने आपलं कुलूप आपल्याच हाताने काढायचं. दुसऱ्याने त्याला हात लावायचा नाही.

लोकांना वाटतं, दहनगृहात काम करणाऱ्याला भुताखेतांची सवय असणार. मला वीस वर्षांत एकही भेटलं नव्हतं. आमचं खरं भांडण विटांशी असतं. भट्टीच्या आतल्या विटा आचेने तडकतात, वाकतात, कधी कधी एखादी सुटून मधेच खाली येते. दीड-दोन वर्षांनी आतलं सगळं अस्तर उतरवून नवीन लावावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी जिवंत माणसाने आत जावं लागतं. आत जागा किती? लांबी साडेसात फूट, रुंदी तीन, उंची जेमतेम अडीच. कोपरांवर सरकत जायचं, पालथं पडून काम करायचं, आणि पाय आधी करत मागे यायचं. वळायला जागा नाही.

हे काम आम्ही दोघं करतो. मी भट्टी चालवणारा, आणि दुसरा माझा मेहुणा, म्हणजे धाकट्या बहिणीचा नवरा. तो विटांचा मिस्त्री आहे. घरी त्याला जावईबापू म्हणतो, इथे मिस्त्री. पण ‘अहो-जाहो’ काही सुटत नाही. भट्टीच्या तोंडातून बाहेर आलेल्या दोन काळ्या पायांना ‘अहो, जरा डावीकडे सरकता का’ अशी विनंती करणारा माणूस जगात मी एकटाच असेन. तोही बहिणीसारखाच मला दादा म्हणतो. कामाला चोख आणि स्वभावाला तिरसट माणूस, पण बहीण त्याच्याबरोबर सुखात होती, म्हणून मला त्याचं सगळं चालायचं.

या वेळी काम तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास शेवटची वीट बसली. मिस्त्री बाहेर आला, त्याने आत टॉर्च मारून एकदा स्वतःच्याच कामाकडे कौतुकाने पाहून घेतलं, आणि आम्ही कुलपं काढायला स्विचपाशी गेलो. माझ्या कुलपावर लाल रंगाचा ठिपका आहे. त्याच्या कुलपाच्या किल्लीला निळा दोरा बांधलेला असतो. दोन्ही कुलपं आम्ही काढली.

कडीत तिसरं कुलूप होतं.

२

जुनं पितळी कुलूप, वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. किल्लीचं भोक कडांना घासून चकाकत होतं. मी हसलो. म्हटलं, वायरमनने लावलं असणार, विसरभोळा आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला की तो महिनाभरात इकडे फिरकलेलाच नाही, आणि त्याच्याकडे कुलूप असं एकच आहे, ते त्याच्या सायकलला.

मग मी नियमाप्रमाणे आत पाहिलं. टॉर्च घेऊन अर्धा आत सरकलो. समोर नवी कोरी मागची भिंत, दोन्ही बाजूंना नव्या विटा, वर कमान. एखादं मांजर लपेल एवढीही जागा नव्हती. तरीही मी ‘कोण आहे?’ असं विचारलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून ओशाळलो.

तेवढ्यात साहेब आले. साहेब म्हणजे आमच्या दहनगृहाचे व्यवस्थापक. माणूस वाईट नाही, पण त्या आठवड्यात त्यांच्या नाकी नऊ आले होते. आमची दुसरी भट्टी एका सुट्या भागासाठी चार महिने बंद पडलेली. शीतगृहात सहा कप्पे, त्यातले चार भरलेले, आणि त्याचं यंत्रही म्हातारं, अधूनमधून धापा टाकणारं. बाहेरच्या बाकांवर माणसं बसून होती, आणि रडून झालेली माणसं नंतर जी चिडतात, तशी चिडलेली होती.

मी साहेबांना सांगितलं की हे कुलूप कुणाचं ते कळल्याशिवाय काढता येणार नाही. त्यांनी विचारलं, आत कुणी आहे का? नाही म्हटलं. पाहिलंस? पाहिलं. मग अडलंय कुठे?

नियम माणसासाठी असतो, आणि माणूस तर नव्हता. साहेबांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीने हत्यारांच्या पिशवीतून लोखंड कापायची करवत काढली आणि पाच मिनिटांत कुलूप कापून माझ्या हातात ठेवलं.

मी अडवलं नाही. हे मला सरळ सांगून टाकायचं आहे. माझा नियम, माझी खोली, आणि मी बाजूला उभा राहून पाहत होतो.

३

नव्या विटांना एकदम आच देता येत नाही. सांध्यांतला माल ओला असतो, त्यातलं पाणी हळूहळू निघून जावं लागतं. म्हणून आधी कित्येक तास मंद आच ठेवायची आणि जवळ बसून लक्ष द्यायचं. दुपारी बाराला मी भट्टी पेटवली. मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून डबा खात होता.

तीनच्या सुमारास ठोके ऐकू आले.

नव्या विटा तापताना वाजतात. टक, टक असा आवाज येतो, मधेच एखादी चर्र करते. मला ते तोंडपाठ आहे. मी मिस्त्रीला तसं सांगितलं आणि त्यालाही ते माहीतच होतं. पण तापणाऱ्या विटा बेशिस्त वाजतात. हे तीन ठोके होते, मग थांबणं, मग पुन्हा तीन. मी घड्याळ लावून पाहिलं. थांबणं दर वेळी सारखंच होतं.

‘दादा, ही वीट नाही,’ मिस्त्री म्हणाला. ‘हा थापीच्या मुठीचा आवाज आहे. वीट बसवली की आपण मुठीने ठोकतो ना, तसा.’

भट्टीच्या दाराला आत पाहायला एक काचेचं भोक आहे. मी डोळा लावला. निळसर ज्योत, लालसर विटा, बाकी काही नाही. ठोके चालूच होते. ते आधीपेक्षा घाईचे झाले होते, काम लवकर उरकायचं असावं तसे. आम्ही भट्टी बंद केली, आणि साहेबांना सांगितलं की एका सांध्याला चीर दिसते आहे, उद्या सकाळी आत जाऊन बघावं लागेल. साहेबांनी कपाळाला हात लावला.

४

सकाळपर्यंत भट्टी निवली होती. आम्ही दोघांनी कुलपं लावली. कडीत दोनच कुलपं आहेत, हे मी बोट लावून दोनदा मोजलं. मिस्त्री चपला भट्टीच्या तोंडाशी काढून ठेवून आत सरकला. तो नेहमी अनवाणीच आत जातो, चपलांचा तळ नव्या विटांवर खरवडतो म्हणून.

त्याने आतून मापाची पट्टी मागितली. मग त्याचे पाय मागे येऊ लागले आणि तो बाहेर येऊन भिंतीला टेकून बसला.

‘लांबी सात फूट भरतेय,’ तो म्हणाला. ‘अर्धा फूट कमी. मागच्या भिंतीपुढे अजून एक भिंत आहे.’

मी म्हटलं, मापात चूक झाली असेल. तो म्हणाला, जाऊन बघा. गेलो. त्याच्या मापात चूक नव्हती. समोरची भिंत आमच्याच विटांसारख्या विटांची होती, ओळीत, व्यवस्थित. फक्त सांधे विचित्र दिसत होते. माल विटांच्या फटींतून बाहेर ओघळलेला होता. मी बोट लावलं. ओला होता. आदल्या दिवशी तीन तास आच खाल्लेल्या भट्टीत तो ओला होता.

बाहेर आल्यावर मिस्त्रीने मला समजावून सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज मास्तरांसारखा झाला होता, घाबरला की तो तसा होतो. भिंत रचताना मिस्त्री ज्या बाजूला बसतो, त्या बाजूचे सांधे तो थापीने पुसत, दाबत जातो. पलीकडे त्याचा हात पोचत नाही. तिकडे माल ओघळतो आणि तसाच सुकतो. त्यामुळे कुठलीही भिंत पाहून सांगता येतं की ती बांधणारा कोणत्या बाजूला होता.

‘ही भिंत बांधणारा पलीकडे आहे,’ तो म्हणाला.

पलीकडे काय आहे ते मला पक्कं ठाऊक होतं, तरीही मी खोलीबाहेर जाऊन पाहून आलो. मागच्या भिंतीपलीकडे चार बोटं जाडीचा उष्णता अडवणारा थर, मग लोखंडी पत्रा, मग अंगण. अंगणात एक नळ आणि दोन उलट्या टाकलेल्या बादल्या. पत्र्याला कान लावला. गार होता, आणि काही ऐकू आलं नाही. तेवढ्याने मला बरं वाटलं. माणसाला बरं वाटायला किती थोडं लागतं.

५

साहेबांनी दुपारी बारापर्यंतची मुदत दिली. शीतगृहाचे सहाही कप्पे आता भरले होते. मी मिस्त्रीला म्हटलं, भिंत तशीच राहू द्या, सात फुटांतही काम भागतं. आज मला त्या वाक्याची लाज वाटते, पण मनापासून म्हटलं होतं. मला फक्त तो प्रकार झाकून टाकायचा होता. मिस्त्री मात्र इरेला पेटला होता. त्याच्या कामावर दुसऱ्या कुणी हात चालवला होता, आणि तोही त्याच्याइतक्याच सफाईने, हे त्याला झोंबलं होतं. त्यात आदल्या दिवशीचं कुलूप त्यानेच कापलेलं. ते त्याच्या मनात असणार, पण आम्ही त्याचं नाव काढलं नाही.

छिन्नी आणि हातोडा घेऊन तो आत गेला. मी भट्टीच्या तोंडाशी बसून होतो. त्याचे तळपाय माझ्यापासून हातभर अंतरावर, एका टाचेला भेग, तिच्यात राख बसलेली. हातोड्याचे घाव पडू लागले.

तेव्हा साहेब धावत आले. शीतगृहातला एक कप्पा अडकला होता, उघडेना आणि मिटेना, आणि आत कुणाची तरी आई होती, आणि ते कुणीतरी दारात उभं होतं. दोन माणसांशिवाय तो उचलता येत नाही. भट्टीच्या तोंडाशी एकाने थांबायचंच, हाही माझाच नियम. मी आत ओरडून सांगितलं, ‘मिस्त्री, आलोच दहा मिनिटांत.’ त्याने पाय हलवून हो म्हटलं. माझं कुलूप मी काढून घेतलं आणि गेलो.

कप्पा उचलताना मला बोळाच्या टोकाकडून हातोड्याचा आवाज ऐकू येत होता. मग मला वाटलं की आवाज दोन आहेत. एक पाडणारा, आणि एक ठोकणारा, तीन-तीनचा. मी कप्पा टाकून पळालो नाही. त्या बाईच्या मुलासमोर ते शोभलं नसतं.

दहा मिनिटं म्हणालो होतो, पाऊण तास लागला. परत आलो तेव्हा भट्टीच्या तोंडाशी चपला होत्या. पाय नव्हते.

मी आत टॉर्च मारला. भिंत अखंड होती, एक कोपरासुद्धा फुटलेला नव्हता, आणि ती आता आणखी अलीकडे आलेली होती. खाली मिस्त्रीची छिन्नी पडलेली. सांध्यांतून माल ओघळत होता, माझ्यासमोर एक थेंब विटेवरून खाली सरकला. मी हाका मारल्या. कसल्या हाका मारल्या ते आठवत नाही, पण ‘अहो’ मात्र म्हणत होतो.

भिंतीतून ठोके आले. तीन-तीनचे नव्हते. वेडेवाकडे, जोरात, तळहाताने मारल्यासारखे.

६

मी मिस्त्रीच्या पिशवीतला दुसरा हातोडा घेतला आणि आत शिरलो. कुलूप लावायचंही सुचलं नाही. एक वीट फोडून काढली. तिच्यामागे वीट होती, तीही ओली. ती काढली, तिच्यामागे आणखी एक. हात कोपरापर्यंत आत गेला, आणि तिथे पत्रा लागायला हवा होता, अंगण लागायला हवं होतं. शेवटच्या विटेच्या वरच्या फटीत माल अजून भरलेला नव्हता. टॉर्चच्या उजेडात त्या फटीत मला दोन बोटं दिसली. माणसाची, नखांत राख असलेली. ती माझ्याकडे येत होती. मग पलीकडून थापी आली आणि त्या बोटांवरून माल सारवत गेली, सावकाश, कडेपर्यंत.

मी मागे सरकत बाहेर आलो. कोपरं सोलली होती. खोलीत साहेब उभे होते, त्यांच्या एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात मिस्त्रीची करवत.

‘कुठे लपून बसतोस?’ ते म्हणाले. ‘तुझा मिस्त्री घरी पोचलाय. बहिणीचा फोन आहे तुझ्या. काम टाकून पळतात आणि कुलूप इथेच ठेवून जातात.’

मी फोन घेतला. बहीण सांगत होती की हे आलेत, अनवाणी आलेत, आणि आल्यापासून मोरीत हात धूत बसलेत. बोलत नाहीत. पोरगी हाक मारून थकली, आता त्यांच्याजवळ जाईना. बरं वाटत नाही का त्यांना, दादा? काही झालं का तिकडे?

मला खरंच क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. माणूस वैतागला, मी नसताना मागच्या मागे निघून गेला, चपला विसरला. सगळं बसत होतं. बोटं म्हणजे डोळ्यांत गेलेली राख, ठोके म्हणजे विटा. ते सगळं मी मानायला तयार होतो. मी तिला म्हटलं की खुंटीवर त्यांचा शर्ट असेल, खिशात एक किल्ली असेल, निळा दोरा बांधलेली, ती बघ.

ती गेली. मोरीतल्या पाण्याचा आवाज मला ऐकू येत होता.

‘किल्ली आहे,’ ती म्हणाली. ‘पण दोरा नाहीये. जुनी आहे, पितळेची.’

साहेबांनी करवत मिस्त्रीच्या कुलपावर ठेवली होती आणि ओढायला सुरुवात केली होती.

मी तिला म्हटलं, पोरीला घे आणि आत्ताच्या आत्ता शेजारी जा. का म्हणून विचारू नकोस. ती म्हणाली, जाऊ कशी? त्यांनी आल्या आल्या दाराला आतून कुलूप घातलंय, आणि किल्ली मागितली तर नुसतं बघतात. मग पाण्याचा आवाज थांबला, आणि ती एकदम हळू आवाजात बोलू लागली.

‘दादा, तू ये. तू येतोस ना?’

तिचं घर माझ्यापासून अर्ध्या तासावर आहे. मी साहेबांचा हात धरला. म्हटलं, कुणाला तरी माझ्या बहिणीकडे पाठवा, लगेच पाठवा. साहेब माझ्याकडे पाहतच राहिले. ‘कशाला?’ ते म्हणाले. ‘तिचा नवरा आहे ना घरात.’ आणि त्यांनी हात सोडवून घेऊन पुन्हा करवत ओढली. बाहेरच्या बाकांवरून कुणीतरी विचारत होतं की अजून किती वेळ. मिस्त्रीचं कुलूप अर्ध्याहून जास्त कापलं गेलं होतं. ते पडलं की साहेब मला काही विचारणार नव्हते. स्विच चालू करायला त्यांना माझी गरज नाही, आणि आत पाहायचं म्हटलं तर त्यांनी वाकून पाहिलं असतं आणि त्यांना नवी कोरी भिंत दिसली असती. त्यांना थांबवायचं तर भट्टीत माणूस दिसायला हवा होता. त्याचे पाय दिसायला हवे होते.

भिंतीमागचे ठोके मंदावले होते. मी कितीदा मनाशी हिशेब केला, की आधी इकडे आणि मग तिकडे, की आधी तिकडे. हिशेब एकच येत होता. मी एक आहे.

‘दादा?’ बहीण म्हणाली.

‘हा बघ, निघालोच,’ मी म्हटलं.

फोन साहेबांच्या खिशात घातला, माझं कुलूप कडीच्या भोकात अडकवून दाबलं, आणि डोकं पुढे करून आत शिरलो.